माहिती येत आहे

"अहो, ते नुसतं गोल गोल फिरतंय!" फोनवरचा माणूस वैतागला होता. "माझे वडील गेले. आणि तुमचं ॲप म्हणतंय, माहिती येत आहे. आता कसली माहिती येणारे?"

"बघते मी," ती म्हणाली.

"बघाच. माझी लेक फोन हातातून सोडत नाही. रागावलं तर म्हणते, थांब ना बाबा, आजोबांचं येतंय."

"बघते," ती पुन्हा म्हणाली. फोन ठेवला, आणि हात तसाच फोनवर राहिला. कुणी तो हात उचलून बाजूला ठेवला असता, तर तिथेही राहिला असता.

ऑफिसात तिला सगळे 'पुढची' म्हणत. स्क्रीनवर पुढे जे दिसतं ते ती करायची, आणि मागे सर्व्हरवर माहिती सांभाळायचा तो 'मागचा'. टेबलं शेजारी-शेजारी आणि भांडणं दिवसभर. तुझा सर्व्हर झोपलाय, तुझं कार्डच आंधळंय, असं चाललेलं असायचं. दोघांनी मिळून एका वृद्धाश्रमासाठी हे ॲप केलं होतं. राहणाऱ्या प्रत्येकाचं एक कार्ड, कार्डाला एक नंबर. त्यावर फोटो, आणि फोटोखाली ताजी खबर: चहा घेतला, गोळी घेतली, बागेत बसले आहेत. कार्ड तिने एकदाच बनवलं होतं. साचा एक, त्यातून सगळ्यांची कार्डं. कार्ड दर थोड्या वेळाने सर्व्हरला विचारायचं, काय नवीन? उत्तर येईपर्यंत एक चकती फिरायची आणि तिच्याखाली लिहिलेलं असायचं, 'माहिती येत आहे'.

माणूस गेला की आश्रमवाले त्याची नोंद काढून टाकत. मग सर्व्हरकडून रिकामं उत्तर यायचं. रिकाम्या उत्तराचं काय करायचं, हे तिने कार्डाला शिकवलंच नव्हतं. बिचारं पुन्हा विचारायचं, पुन्हा विचारायचं.

हे तिला आजच्या फोनआधीच माहीत होतं.

तिची आई तिथेच राहायची. गुडघे गेलेले, आणि घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. रविवारी ही भेटायला गेली, की आई टोमणा मारायची, "काय गं, मी काय खाल्लं ते तुला आधीच ठाऊक. गोळी घेतली ते ठाऊक. मग मी बोलू तरी काय तुझ्याशी?" दोघी हसायच्या आणि मग खरंच फारसं काही बोलायच्या नाहीत.

आई गेल्यावर ती कामावर परतली, सगळ्या कार्डांचं पान उघडलं, तर वरच्या ओळीत आईचं कार्ड. फोटो नाही, नुसता नंबर. चकती फिरतेय. बघताक्षणी चूक कळली. दोन ओळींचं काम. तिने चहा आणला, प्यायला, आणि दुसरंच काम काढलं. त्यानंतर ते पान रोज तिच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात उघडं असायचं. रडू येत नव्हतं. लोक विचारायचे, बरी आहेस ना? ती म्हणायची, हो. खोटंही नव्हतं ते. दुखत काहीच नव्हतं, दाढ सुन्न केल्यासारखं.

आज मात्र तिने साचा उघडला. उत्तर रिकामं आलं, की कार्ड काढून टाकायचं, असं लिहिलं. मग त्याच्यावर आणखी एक ओळ लिहिली आणि बदल तपासायला मागच्याकडे पाठवला. एकाने लिहायचं, दुसऱ्याने वाचल्याशिवाय पुढे जाऊ द्यायचं नाही, अशी त्यांची पद्धत.

मागच्याने वाचलं आणि खुर्ची तिच्याकडे सरकवली.

"पुढचे, शुद्धीवर आहेस ना? हा एक नंबर सोडून बाकीची रिकामी कार्डं काढायची? कोण हा लाडका?"

"आई."

त्याने चष्मा काढून शर्टाला पुसला. पुसायला काही नव्हतं त्याच्यावर.

"राहू दे मग," तो हळूच म्हणाला. "मी ही ओळ बघितलीच नाही. फिरू दे ना एक चकती. कुणाचं काय जातंय?"

"कुणाचं नाही."

"साहेबांनी विचारलं तर सांगीन, माझाच सर्व्हर झोपलाय."

ती हसल्यासारखं करायला गेली, पण जमलं नाही. त्या छोट्या पोरीलाही असंच कुणीतरी म्हणू शकलं असतं, फिरू दे. मग ती पोर फोन घेऊन बसली असती. किती दिवस, कोण जाणे.

"एका कार्डासाठी वेगळं लिहिलं, की तो साचा राहत नाही," ती म्हणाली.

"तू म्हणशील तसं."

तिने ती ओळ पुसली. बदल पुन्हा पाठवला. या वेळी मागच्याने होकार दिला आणि आपल्या स्क्रीनकडे तोंड करून बसला.

नवा साचा सगळीकडे पोचायला थोडा वेळ लागतो. ती बघत बसली. पान एकदा पांढरं झालं आणि परत भरलं. वरच्या ओळीत जागा मोकळी राहिली नाही. शेजारचं कार्ड सरकून तिथे आलं होतं. कानटोपीतले एक आजोबा.

आजोबांनी चहा घेतला होता. साखर कमी वाटली, असंही खाली लिहिलेलं होतं.