ताइतातली बारीक अक्षरं

सकाळी सातच्या आत नंबर लावला नाही, तर दिवस फुकट गेला म्हणून समजायचं. माझ्या बहिणीच्या दारातून निघालेली रांग जिना उतरून, फाटकातून वळून, कोपऱ्यावरच्या इस्त्रीच्या दुकानापर्यंत पोचलेली असायची. रांगेत अडाणी कुणी नव्हतं. एक निवृत्त इंजिनियर घडीची खुर्ची घेऊन येत. दोन शिक्षिका उभ्याउभ्या वह्या तपासत, कारण वेळ वाया घालवणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं.

आत, बाहेरच्या खोलीतला सोफा हलवून तिथे एक उंच खुर्ची मांडली होती. खुर्चीत माझी थोरली भाची. वय बावीस. वर्षभरापूर्वीपर्यंत ती एका ग्रंथालयात पुस्तकांच्या पाठीवर आकडे आणि नावं लिहायची. तिचं अक्षर इतकं वळणदार, की लोक पुस्तक उघडायच्या आधी पाठ बघत. आता तिचे हात थरथरत होते, मान डावीकडे ओढली गेली होती, जीभ वळत नव्हती. तोंडाच्या कडेने लाळ गळे आणि माझी धाकटी भाची ती रुमालाने पुसे.

आणि डोळे! आमच्या घराण्यातले घारे डोळे, पण बुबुळाच्या कडेला आता सोनेरी-तपकिरी कडं आलेलं. बुवा बाजूने टॉर्च मारत आणि विचारत, "दिसलं? दिसलं का कंकण? माणसाच्या डोळ्यात कधी बघितलंत असं?"

कुणीच बघितलेलं नव्हतं. त्यामुळे सगळे हात जोडत.

बुवांना लोक उलगडेबुवा म्हणत, कारण न कळणारं ते उलगडून सांगत. आधी ते विम्याचे एजंट होते. मेल्यानंतरचे फायदे समजावून सांगायचे. आता जिवंतपणीचे सांगू लागले होते, एवढाच धंद्यातला फरक. "आपण कोण हो?" ते म्हणत. "आपण नुसता पोस्टमन. पत्र वरून येतं. ही पोर म्हणजे लेखणी. आपण फक्त वाचून दाखवतो."

पद्धत ठरलेली होती. आलेला माणूस आपली अडचण सांगे. भाचीच्या हातात पेन्सिल आणि बोटभर कागद देत. तिचा हात थरथरत त्यावर फिरे आणि मुंग्यांची रांग चिरडल्यासारखं काहीतरी उमटे. बुवा तो कागद कपाळाला लावत, डोळे मिटत (वाचायला डोळे मिटणारा एवढा एकच माणूस मी पाहिला) आणि सांगत, "उत्तरेकडून बातमी येईल. पोटाला जपा. जवळच्या माणसावर विश्वास ठेवा, पण फार नको."

मग कागदाची सुरळी तांब्याच्या नळीत जाई, वर लाखेचं सील आणि गळ्यात दोरा. "उघडायचं नाही हं! उघडलं की फळ उडालं, अत्तरासारखं." दर तासाला भाचीला तांब्याच्या लोट्यातलं लिंबूपाणी पाजत, तेज टिकावं म्हणून. लोट्याला आतून कल्हई नव्हती. आंबट अशा भांड्यात ठेवू नये हे माझ्या बहिणीला लहानपणापासून ठाऊक होतं. पण ते स्वयंपाकघरातलं ज्ञान, बाहेरच्या खोलीत कोण विचारतो?

हे सगळं मला धाकटीने फोनवर सांगितलं होतं, कारण गेले चार महिने मी त्या घरात पाऊल टाकलं नव्हतं.

माझं चष्म्याचं दुकान आहे. तीन वर्षं कॉलेजात डोळे तपासायला शिकलो, उरलेला जन्म माणसांना 'खालची ओळ वाचा' म्हणण्यात गेला. बायको नाही, मूलबाळ नाही. बहिणीची तीन मुलं हाच माझा गोतावळा. त्यातला मोठा, या मुलींचा दादा, सहा वर्षांपूर्वी कावीळ होऊन आठवड्याभरात गेला. एकोणीस वर्षांचा. तेव्हापासून बहीण कुणाचंही ऐकू लागली होती. थोरलीचा हात कापायला लागला, ती विनाकारण रडायला-हसायला लागली, तेव्हा पहिल्या डॉक्टरने 'टेन्शन आहे' म्हणून झोपेच्या गोळ्या दिल्या. त्याने काही झालं नाही आणि मग बुवा आले.

पहिल्याच दिवशी मी चारचौघांत म्हणालो, "बुवांना एवढं घाण अक्षर वाचता येतं, म्हणजे नक्की केमिस्ट असणार." हशा पिकला. मेहुण्यांनी दार दाखवलं. "माझा मुलगा गेला तेव्हाही तुम्ही अशीच अक्कल पाजळत होतात. निघा."

मी निघालो. भाचीकडे नीट बघितलंही नाही. विनोद चांगला जमला होता ना. घरी येऊन बुवाबाजीवर एक खुसखुशीत लेख लिहिला. तो छापून आला, चार लोकांनी अभिनंदन केलं. मी बरोबर होतो. रोज दुकान बंद करून, एका माणसाचा कुकर लावून, मी एकटाच बरोबर असायचो.

मग एका मंगळवारी बेकरीवाल्या बाई नंबर तपासायला आल्या. हनुवटी मशीनवर टेकवली की गळ्यातली तांब्याची नळी खट्‌कन आपटायची.

"बाई, ते जरा काढून ठेवता?"

"काढलेलं चालतं का पण?"

"चालतं. उघडलेलं चालत नाही."

"तुम्हाला बरं माहीत!" म्हणत त्यांनी ती ट्रेमध्ये ठेवली. नंबर निघाला, फ्रेमवरून घासाघीस झाली आणि बाई नळी विसरून गेल्या.

दुसऱ्याची वस्तू उघडू नये हे मला कळतं. तरी उघडली. खरं सांगायचं तर मला दुसऱ्या लेखाला मसाला हवा होता. चष्म्याच्या स्क्रू-ड्रायव्हरने लाख उचकटली, सुरळी सरळ केली. नुसत्या डोळ्यांना खरोखरच काही कळेना. म्हणून घड्याळजी लावतात तसलं भिंग डोळ्याला लावलं.

गिचमीड नव्हती ती. अक्षरं होती. मोहरीएवढी, कापरी, एकमेकांवर चढलेली, पण वळण तेच, ग्रंथालयातलं. लिहिलं होतं:

'मला बरं नाही. डॉक्टरकडे न्या. मामाला सांगा.'

मी तीनदा वाचलं. माणसांना बारीक अक्षर वाचायला लावण्याचा धंदा माझा, आणि माझ्या नावाची चिठ्ठी चार महिने गावभर गळ्यात फिरत होती.

शटर ओढलं की नाही हेही आठवत नाही. खिशात भिंग, हातात छोटी टॉर्च. जिन्यावर गर्दी होतीच. "ओ, रांग आहे!" इंजिनियर ओरडले.

"मी तिचा मामा आहे."

"इथे सगळे तिचेच आहेत."

मी घुसलो. मला बघताच भाचीच्या तोंडून एक लांब, घोगरा आवाज निघाला. बुवा लगेच म्हणाले, "पाहिलंत? नास्तिक आला की शक्ती खवळते."

मी तिच्यासमोर गुडघ्यावर बसलो. डोळ्यांचा पांढरा भाग हळदीसारखा पिवळा झाला होता. पाय सुजलेले. टॉर्च तिरपी धरून भिंगातून बुबुळ पाहिलं. कडं अगदी काठावर, तांब्याच्या रंगाचं. कॉलेजात यावर दोन मार्कांचा प्रश्न असायचा आणि मी तो दरवर्षी सोडून द्यायचो. पण चित्र लक्षात राहिलं होतं. ते कंकण नव्हतं. ते तांबंच होतं.

"मेहुणे, रिक्षा बोलवा. हिला आत्ता हॉस्पिटलात न्यायचंय."

"पुन्हा सुरू झालं तुमचं?"

"मला शिव्या नंतर द्या. आधी हे वाचा." मी कागद आणि भिंग पुढे केलं.

मेहुण्यांनी हात मागे घेतला. बुवा हसले. "उघडलंत? गेलं फळ, ज्याचं असेल त्याचं. आणि उरलेलं हे म्हणे अक्षर! मुंगीच्या पायातही अक्षरं दिसतात, बघणारा पाहिजे."

"मग दुसरा उघडू," मी म्हणालो. "इथे कुणाचाही उघडा. सगळ्यांवर हेच निघेल."

खोलीतल्या माणसांनी आपापल्या नळ्या मुठीत घट्ट धरल्या. शेवटी त्या दोघींपैकी एक शिक्षिका पुढे आली. चुकलेलं दिसलं की राहवत नाही, अशी सवय असते त्यांना. तिने नखाने लाख काढली, भिंग लावलं. तपासायला घेतलेली वही वाचावी तशी वाचली: "मला बरं नाही. डॉक्टरकडे न्या." मग थांबून म्हणाली, "मी बदलीबद्दल विचारलं होतं."

इंजिनियरांचं निघालं. तेच. 'मामाला सांगा' यावर पेन्सिल घसरलेली.

बुवांचा चेहरा क्षणभर विम्याच्या एजंटासारखा झाला. मग म्हणाले, "अहो, हेच तर गूढ! मजकूर एक, अर्थ ज्याचा त्याला वेगळा. 'मला बरं नाही', म्हणजे कोणाला? तुमच्या आत्म्याला! डॉक्टर कोण? तोच वरचा!"

"तसंही असेल," मागून कुणीतरी म्हणालं. दोन-तीन माना हलल्या. मला तेव्हा कळलं, की पुरावा दाखवून माणूस हरत नाही. तो फक्त खुर्ची बदलून बसतो.

तेवढ्यात माझी बहीण उठली. तिच्याही गळ्यात नळी होती, सगळ्यात पहिली, पहिल्या दिवशीची. तिने ती दाताने उघडली. माझ्या हातून भिंग घेतलं, उलटं धरलं, मी सरळ करून दिलं. ओठ हलवत ती वाचत राहिली. मग कागद माझ्या हातात देऊन म्हणाली, "मला नीट दिसत नाहीये. तू वाच."

तिला दिसलं होतं. मी तरी वाचलं: "आई, मला भीती वाटते. बोलता येत नाहीये. पण मला सगळं कळतंय."

बहिणीने तो लोटा उचलला आणि खिडकीतून बाहेर भिरकावला. "उठा," ती खोलीतल्या सगळ्यांना म्हणाली. "माझी मुलगी आजारी आहे. उठा, घरी जा."

मेहुणे तोवर जिना उतरून रिक्षा शोधायला गेलेही होते.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाई कमी बोलणाऱ्या होत्या. रक्त, लघवी, डोळे तपासून त्यांनी आम्हा तिघांना समोर बसवलं. "विल्सनचा आजार. क्वचित होतो. आपण खातो त्यात किंचित तांबं असतं. गरजेपेक्षा जास्त झालं की लिव्हर ते पित्तातून बाहेर टाकतं. हिच्या लिव्हरचं ते दारच जन्मापासून बिघडलेलं आहे. तांबं साठत गेलं. लिव्हर भरलं, मग मेंदूत गेलं. म्हणून हात कापतात, जीभ वळत नाही, अक्षर बारीक होतं. डोळ्यात गेलं ते तुम्हाला दिसलं."

"त्या पाण्याने झालं का हो?" बहिणीने विचारलं.

"पाण्याने आजार झाला नाही. पण आगीत काडी घालायची गरज नव्हती. खरा घात चार महिन्यांनी केला. हा आजार वेळेवर कळला, तर माणूस गोळ्या घेऊन म्हातारा होतो. नाही कळला तर लिव्हर बंद पडतं. आणखी आठवडाभर उशीर झाला असता, तर मला तुमच्याशी वेगळं बोलावं लागलं असतं."

मेहुण्यांनी जमिनीकडे बघत विचारलं, "आमचा मोठा... कावीळ होऊन..."

डॉक्टरीणबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "आता तपासता येणार नाही. पण बहुधा तेच."

"आमच्या घराला काही..."

"शाप नाही. आईकडून एक बिघडलेला जीन आणि वडिलांकडून तसाच एक, दोन्ही एकाच मुलाला मिळाले तरच हा आजार होतो. तुम्ही दोघं धडधाकट आहात, तुम्हाला कळणार कसं? दर मुलामागे चारात एक शक्यता. धाकटीला उद्या घेऊन या."

धाकटीचे हात स्थिर, डोळे स्वच्छ, भूक चांगली. तपासणीत आजार निघाला. "मी तर ठणठणीत आहे!" ती म्हणाली. "तशीच राहायचंय तुला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि जन्मभराच्या गोळ्या लिहून दिल्या. एकही चुकवायची नाही, बरं वाटलं तरी बंद करायच्या नाहीत.

थोरली अडीच महिने हॉस्पिटलात होती. पहिले काही दिवस जगते की नाही असे होते. लिव्हर कसंबसं तगलं. शेकडो माणसं जिच्या पाया पडली, तिला भेटायला आई-वडील, धाकटी आणि मी. एकदा बेकरीवाल्या बाई आल्या. पावाचं पाकीट ठेवलं आणि गेल्या. बुवांनी दुसरं गाव गाठलं. इंजिनियर म्हणे तिथेही घडीची खुर्ची घेऊन जातात.

आता ती घरी आहे आणि मी रोज दुपारी तिच्या खाटेशी बसतो. चार महिने भरलेल्या खोलीत ती एकटी होती, आणि मी रिकाम्या खोलीत. आता दोघांना मिळून एक खाट आणि एक स्टूल आहे. तिला एक वाक्य बोलायला दोन मिनिटं लागतात. सुरुवातीला मी घाईने तिचे शब्द पुरे करायचो, 'पाणी हवंय? झोपायचंय?' आणि दर वेळी चुकायचो. माझ्यात आणि उलगडेबुवांत तेव्हा फारसा फरक नव्हता. आता मी गप्प बसतो. परवा तिने ओठ जुळवले, मान सावरली, घामेघूम झाली आणि बोलली, "मामा... तू... फार... घोरतोस."

म्हणून हे लिहितोय, आणि या वेळी खुसखुशीत करायची इच्छा नाही. तुमच्या घरात कुणाचा हात कापू लागला, अक्षर बदललं, बोलणं अडखळलं, डोळे पिवळे पडले, तर दवाखान्यात न्या. पहिल्या डॉक्टरला कळलं नाही, तर दुसऱ्याकडे न्या. घरात लहान वयात कुणी लिव्हरच्या दुखण्याने गेलं असेल, तर ते डॉक्टरला आवर्जून सांगा आणि बाकीच्या भावंडांनाही तपासून घ्या. आणि आजारी माणसाला काय होतंय, हे दुसरा कुणी डोळे मिटून सांगायला लागला, तर त्याला बाजूला करा आणि त्या माणसालाच विचारा. विचारून झाल्यावर उत्तर येईपर्यंत थांबा.