नाव घ्यावं लागेल

सरोज बेहेरेला एका जागी बसवत नसे. माहेरी सगळे म्हणत, पोरीच्या पायाला भिंगरी आहे. सासरी, नौपाड्यातल्या दोन खोल्यांत, भिंगरी फिरणार कुठे? चुलीपासून मोरीपर्यंत आणि मोरीपासून चुलीपर्यंत. नवरा मधू रेल्वेच्या हापिसात. माणूस सज्जन, पण दिवसभरात दोन शब्द बोलला तरी त्याला दम लागायचा. सासूबाई कामापुरतंच बोलत. म्हणजे घरात बोलणारी माणसं दोनच, सरोज आणि तिचे सासरे.

सासरे म्हणजे हरिहर बेहेरे, निवृत्त शाळामास्तर. सगळा नौपाडा त्यांना अण्णा म्हणे, सरोज मामंजी म्हणे. अण्णा स्वतःला सुधारक समजत, आणि पुष्कळसे होतेही. मुंबईच्या रेडिओला उद्घोषिका हव्यात हे पेपरात त्यांनीच वाचलं, सुनेला अर्ज त्यांनीच करायला लावला. सासूबाईंनी तोंड वाकडं केलं तेव्हा "तू गप्प बस, तुला त्यातलं काय कळतं," असं त्याच सुधारकी तोंडाने तेच म्हणाले.

तिच्या आवाजाची तयारीही त्यांनीच करून घेतली. संध्याकाळी ओटीवर बसायचं, तिने पेपर वाचायचा, यांनी डोळे मिटून ऐकायचं. शब्द जरा घसरला की "पुन्हा." तिने चाचणी दिली, पास झाली, आणि तीन महिन्यांच्या करारावर दुपारच्या महिलांच्या कार्यक्रमाला लागली. स्टुडिओचं जाड दार बंद झालं आणि लाल दिवा लागला, की तिचे पाय गप्प बसत. आयुष्यात पहिल्यांदाच. ही नोकरी गेली तर आपल्याला वेड लागेल, असं तिला खरोखरच वाटे.

करार संपत आला. साहेबांनी सांगितलं, सोमवार-मंगळवार संध्याकाळची ड्युटी करून दाखवा. नीट केलीत तर कायमचं बघू. त्या काळात बहुतेक सगळं थेट जायचं. तोंडातून निसटलं ते निसटलं, रत्नागिरीपर्यंत पोचलंच म्हणून समजा.

आता बेहेऱ्यांच्या घरची एक गोष्ट सांगायला हवी. नवऱ्याचं आणि सासऱ्याचं नाव बायकांनी घ्यायचं नाही, हे तेव्हा घरोघरी होतं. पण इथे पंचाईत अशी की स्टेशनच्या रस्त्यावर 'हरिहर वस्त्रभांडार' नावाचं कापडाचं दुकान. खण आणायचा, परकराचं कापड आणायचं, तर तिथूनच. मग सरोज म्हणायची, "मामंजींच्या नावाच्या दुकानात जाऊन येते." ती बी. ए. झालेली, या प्रकाराला मनातून हसायची, आणि तरी तेच म्हणायची. तसं म्हण, असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. तसं म्हणू नकोस, असंही कुणी सांगितलं नव्हतं, सुधारकांनीसुद्धा.

सोमवारी संध्याकाळी अण्णांनी गल्ली गोळा केली होती. सून पहिल्यांदा रात्रीच्या बातम्यांआधी बोलणार, म्हणजे काय चेष्टा आहे? इकडे स्टुडिओत बासरीवाल्याला ताप आला. आयत्या वेळी ड्युटी ऑफिसर सामंतांनी दुसऱ्याच एका गृहस्थांना समोरच्या खुर्चीत आणून बसवलं, सरोजच्या हातात चिठ्ठी सरकवली आणि ते काचेपलीकडे पळाले. लाल दिवा लागला. सरोजने वाचायला सुरुवात केली.

"श्रोते हो, यानंतर ऐका 'उन्हाळ्यातील आहार' या विषयावरील भाषणाचा पूर्वार्ध. वक्ते आहेत मामंजींच्या नावाचे वैद्य दातार."

काचेपलीकडे सामंतांनी कपाळाला हात लावला. हरिहर दातार वैद्यांनी क्षणभर डोळे मिचकावले, आणि बिचारे कोकमच्या सरबताबद्दल बोलू लागले. आपण काय बोललो हे सरोजला तेव्हा कळलं. तिचे कान असे तापले की वैद्यांचं पुढचं एक अक्षर तिला ऐकू गेलं नाही.

"बाई, हे काय होतं?" बाहेर आल्यावर सामंतांनी विचारलं. तिने खरं ते सांगितलं. ते हसले असते तर बरं झालं असतं. "साहेबांचा फोन येऊन गेला," ते म्हणाले. "उद्या याच भाषणाचा उत्तरार्ध आहे. उद्घोषणा तुम्हीच करायची, नाव घेऊन. उद्याही असंच झालं तर मी तुम्हाला वाचवू शकत नाही."

सगळी वाट तिने मामंजींच्या रागाची तयारी केली. एका जोडाक्षरासाठी दहादा वाचायला लावणारा माणूस, तो आज सोडेल का? घरी पोचली तर गल्ली अजून ओटीवरच, आणि कुणाच्या तरी घरून आलेल्या लाडवांचं ताट फिरतंय.

"आली बघा!" शेजारचे भाऊ म्हणाले. "अण्णा, भाग्यवान आहात. अख्ख्या मुलखात तुमचा मान राखला पोरीने."

"हल्लीच्या सुना काय कमी शिकतात?" अण्णा म्हणाले. "पण वळण म्हणून काही असतंच."

सरोज त्यांच्या तोंडाकडे पाहतच राहिली. माणूस खूश होता. मनापासून, आतून खूश होता. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"मामंजी, उद्या नाव घ्यावं लागेल," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "नाही घेतलं तर माझी नोकरी जाईल."

लाडवांचं ताट फिरायचं थांबलं. अण्णांनी चष्मा काढला आणि धोतराच्या टोकाने पुसायला घेतला. "काम आहे ते," ते म्हणाले. "कामाला नाही कसं म्हणणार?" गल्ली आपापल्या चपला शोधू लागली.

दुसरा दिवस कसा गेला ते विचारू नका. कपडे वाळत घालताना तिने भिंतीकडे तोंड करून नाव म्हणून पाहिलं. 'ह' यायचा आणि जीभ टाळ्याला चिकटायची. तांदूळ निवडताना पाहिलं, तीच गत. अगं, नाव आहे, निखारा नाही, असं स्वतःवरच खेकसली. मामंजी दिवसभर पेपर वाचत होते, मोठ्याने नाही. मधूने मात्र हापिसात जाताना दाराशी थांबून आपले दोन शब्द खर्च केले. "घेऊन टाक."

संध्याकाळी पुन्हा तेच जाड दार, तोच लाल दिवा, समोर तेच वैद्य, आज जरा बिचकूनच बसलेले. सरोजच्या डोळ्यांपुढे चूल आणि मोरी आली, त्यामधली ती एवढीशी फरशी आली.

"वक्ते आहेत वैद्य हरिहर दातार."

छत कोसळलं नाही. सामंतांनी घड्याळात पाहिलं आणि पुढची चिठ्ठी काढून ठेवली. जाताना म्हणाले, "पुढच्या आठवड्यापासून संध्याकाळच्या ड्युट्या लावतो." तिला नाचावंसं वाटलं. ती नाचली नाही, जिना मात्र धावतच उतरली.

घरी ओटीवर कुणी नव्हतं. रेडिओवर विणलेलं कापड घातलेलं होतं. अण्णा पेपरामागे होते.

"मामंजी, नोकरी राहिली."

"छान," पेपरामागून आवाज आला. "उच्चार स्पष्ट होता." पेपर खाली आला नाही. उद्या ओटीवर वाचायला बोलावणार नाहीत आपल्याला, परवाही नाही, हे तिला तिथेच उमगलं आणि फार लागलं. ज्या माणसाने दार उघडून दिलं, तोच आता आपल्याकडे बघत नाही.

सासूबाईंनी तिचं पान मांडून ठेवलं होतं. त्यांनी भात वाढला, आमटी वाढली, आणि तिथेच बसून राहिल्या. एरवी त्या कधी बसत नसत.

"मी ऐकलं," त्या हळूच म्हणाल्या. "नाव ऐकलं आणि ते उठून बाहेर गेले. मी बसून ऐकलं. कसं वाटलं गं?"

"खरं सांगू? काहीच वाटलं नाही, आई. एकदा तोंडातून गेलं, की नावच ते."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

सासूबाईंनी बाहेरच्या खोलीकडे एकदा पाहिलं. मग पदर सावरला आणि त्यांचे ओठ हलले. एकदा हलले, पुन्हा हलले. आवाज आला नाही. चोरी पकडल्यासारख्या त्या ओशाळल्या.

"नाही येत," त्या म्हणाल्या. "लग्नात उखाण्यात घेतलं होतं, तेवढंच. तुझी निदान नोकरी जाणार होती म्हणून तू घेतलंस. एवढी वर्षं मी घेतलं असतं, तर माझं काय जाणार होतं गं?"