नऊ वेळा लावलेला फोन

मित्रांनो, अमेरिकेतल्या बटाविया गावच्या या बेकरीत तुम्ही पावासाठी रांगेत उभे राहता, तेव्हा वरच्या फळीवर मी तुम्हाला दिसत असेन. परवाच एका शहाण्याने माझ्या डोक्यावरच्या दोन रबरी वाट्यांत बोटं घालून विचारलं, "यात अंडी उकडतात का?" अरे बाबांनो, मी फोन आहे. जुना झालोय, पण बहिऱ्या माणसांचा लिहिता फोन आहे.

या वाट्यांत घरच्या फोनचा रिसीव्हर पालथा ठेवायचा आणि माझ्या बटणांवर टाइप करायचं. मी अक्षरांचे सूर करून तारेतून पाठवतो. पलीकडे माझ्यासारखाच कुणी असला की तो त्या सुरांची पुन्हा अक्षरं करतो. शब्द माझ्या हिरव्या पट्टीवर चमकतात आणि कागदाच्या गुंडाळीवर छापलेही जातात. आपलं बोलून झालं की शेवटी दोन ठरलेली अक्षरं टाकायची. त्यांचा अर्थ 'आता तू बोल'. ती येईपर्यंत दुसऱ्याने मध्ये तोंड घालायचं नाही. ही रीत बोलणाऱ्या माणसांनीही उचलली असती तर बरं झालं असतं, पण ते असो.

रॉचेस्टरच्या एका वर्तमानपत्राच्या छापखान्यात ऑर्विल टेशर छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवायचा. यंत्रांच्या खडखडाटाने तिथले बाकीचे हैराण व्हायचे, याला काही फरक पडायचा नाही. कुणी अदबीने 'कर्णबधिर' म्हटलं की तो पाटीवर लिहायचा, 'बहिरा म्हणा, जागा कमी लागते.' त्याची बायको लेनोरही बहिरी. त्यांची एकुलती एक मुलगी कोरीन मात्र ऐकणारी.

मी येण्याआधी घरातले सगळे फोन कोरीन करायची. वयाच्या सातव्या वर्षापासून. गवंडी, शाळा, बँक, सगळ्यांशी तीच बोलायची. एकदा डॉक्टरांनी लेनोरच्या छातीतल्या गाठीचं जे सांगितलं, तेही त्या पोरीनेच आधी ऐकलं आणि मग हातांनी आईला सांगितलं. त्या दिवशी ऑर्विलने ठरवलं, की आपले फोन आपण करायचे. ओव्हरटाइम करून त्याने मला आणलं.

काय माझी ऐट होती म्हणून सांगू! बहिऱ्यांच्या क्लबातली माणसं मला बघायला यायची. फोन आला की माझ्यावरचा दिवा लखलखायचा आणि लेनोर पिठाच्या हातांनी धावत यायची. चिकट बटणांची मला कधीच तक्रार नव्हती.

पण ज्यांच्याकडे माझ्यासारखा फोन नाही, त्यांच्याशी बोलायचं कसं? त्यासाठी पुढे मध्यस्थ केंद्र निघालं. आम्ही केंद्राला फोन लावायचा, तिथली बाई दुकानदाराला फोन जोडायची, आम्ही लिहिलेलं त्याला वाचून दाखवायची आणि त्याचं बोलणं आम्हाला टाइप करून द्यायची. तिचे नियम कडक होते. पदरचं काही बोलायचं नाही. कानावर येईल ते सगळं, अगदी हसणं, शिंकणंसुद्धा, कंसात लिहायचं. आणि कुणी कितीही घाण लिहिलं तरी वाचायला नकार द्यायचा नाही.

मित्रांनो, हा शेवटचा नियम बहिऱ्यांच्या मानासाठी होता. तो लबाडांच्या हाती लागला.

कोरीनने तोवर इथे बटावियात ही बेकरी काढली होती. फार लांब नव्हे हो, रॉचेस्टरच्या घरापासून जेमतेम चाळीस मिनिटांवर. पुढे केंद्रातून इंटरनेटवरून, बहिऱ्या नसलेल्या कुणालाही फोन लावता येऊ लागला आणि दुकानांना ताप सुरू झाला. कुणी त्या बाईच्या तोंडून शिव्या वदवायचं. कुणी चर्चसाठी म्हणून शंभर पाव सांगायचं आणि न्यायला कुत्रंही फिरकायचं नाही. रस्त्यावरचे सगळे दुकानदार 'केंद्रातून बोलतेय' एवढं ऐकलं की खाडकन फोन ठेवू लागले. कोरीन त्यांच्याशी भांडायची. "माझे आईबाप असेच बोलतात. त्यांच्यासाठी तरी दोन मिनिटं थांबा!"

एका रविवारी ती घरी आली ती रागाने हात नाचवतच. इतकी वर्षं टेबलावर बसून हातांची भाषा मलाही कळू लागली होती.

"आई, केंद्रातून एका मेल्याने लिहिलं, की मी बहिरा आहे, बायको आजारी आहे, क्लबासाठी चाळीस केक हवेत. मी रात्रभर जागले गं. सगळं खोटं निघालं!"

लेनोर तेव्हा फार थकली होती. ती गाठ पंचवीस वर्षांनी परत आली होती. तिने मुलीचे हात धरून खाली ठेवले आणि मग सावकाश सांगितलं, "फोन ठेवू नकोस, बाळा. आयुष्यभर लोकांनी आमच्या तोंडावर फोन ठेवलेत."

कोरीनने मान हलवली. पण पुढच्याच आठवड्यात पुन्हा तसाच फोन आला, आणि तिचा धीर सुटला. तिने फोन कंपनीला सांगून केंद्राकडून येणारे सगळे फोन दुकानापुरते बंद करून टाकले. आईला सांगायची तिला लाज वाटली. संध्याकाळी घरून ती आपल्या लिहित्या फोनवर आमच्याशी रोज बोलायची, दिवसा आम्ही दुकानात क्वचितच फोन करायचो. त्यामुळे काही अडणार नाही असं तिला वाटलं.

तीन आठवड्यांनी, नोव्हेंबरातल्या एका सकाळी, घरी येणाऱ्या नर्सने लेनोरची नाडी पाहिली आणि ऑर्विलच्या पाटीवर लिहिलं, 'आजच. मुलीला बोलवा. मी फोन करू का?'

ऑर्विलने लिहिलं, 'माझ्या मुलीला मी बोलावीन.'

मित्रांनो, मी त्याला दोष देत नाही. त्याच एका गोष्टीसाठी त्याने मला घरात आणलं होतं.

नर्स पुढच्या घरी गेली. दहा वाजता त्याने केंद्राला फोन लावला आणि दुकानाचा नंबर दिला. बाईने लिहिलं, '(ध्वनिमुद्रित आवाज: या नंबरवर आपला फोन स्वीकारला जात नाही.)' त्याला वाटलं, आकडा चुकला. दुसऱ्यांदा दिला. तिसऱ्यांदा दिला. दर वेळी दुसरी बाई, आणि उत्तर मात्र तेच. मधूनमधून तो उठून आत जायचा, लेनोरच्या ओठांना पाणी लावायचा आणि परत यायचा. लेनोर दाराकडे बोट करून विचारायची, "निघाली का?" तो म्हणायचा, "लागतोय, लागतोय."

माझी बटणं त्याच्या बोटांखाली ओली झाली होती. तारेच्या पलीकडे भिंत आहे हे मला कळत होतं आणि मला काही करता येत नव्हतं. नुसते सूर काढायचे, एवढंच मला येतं.

नवव्या वेळी त्याने लिहिलं, 'त्या आवाजालाच सांगा. कोरीन, आई वाट बघतेय. आता तू बोल.'

केंद्रातल्या बाईने लिहिलं, 'सांगितलं.' आणि त्यापुढे, नियम मोडून, 'साहेब, मला माफ करा.'

तेव्हा कुठे तो सदऱ्यानिशी बर्फातून समोरच्या पलुम्बोबाईंकडे धावला. त्यांनी आपल्या साध्या फोनवरून नंबर फिरवला. पहिल्याच घंटीला कोरीनने उचलला.

ती पोहोचली तेव्हा लेनोरला जाऊन दहा मिनिटं झाली होती.

दफन झाल्यावर कोरीन माझ्यासमोर बसली आणि कागदाची गुंडाळी वाचू लागली. पहिला फोन, दुसरा, तिसरा. नवव्याशी येऊन ती थांबली. ऑर्विल दारात उभा होता.

"बाबा, मीच बंद केला होता," तिने हातांनी सांगितलं. "सगळा रस्ता फोन ठेवत होता, मी ठेवत नव्हते. शेवटी मीही ठेवला. तुमच्यावरच ठेवला."

ऑर्विलने गुंडाळी तिच्या हातातून घेतली, नीट गुंडाळली आणि खिशात घातली. तिला जवळ मात्र घेतलं नाही. त्या दिवशी त्याला ते जमलं नाही.

तिने दुसऱ्याच दिवशी बंदी काढली. आठवडा गेला. एके सकाळी बरोबर दहाला ऑर्विल माझ्यासमोर बसला आणि केंद्रातून दुकानाला फोन लावला. कोरीनने उचलला. त्याने लिहिलं, 'काम काही नाही. लागतो का पाहिलं. आता तू बोल.'

माझी पट्टी कोरीच राहिली. मग त्या बाईने नियमाप्रमाणे, ऐकू येईल ते लिहिलं, '(रडण्याचा आवाज.)'

ऑर्विलने पट्टीवर तळहात ठेवला. ते रडणं संपेपर्यंत त्याने फोन ठेवला नाही.

पुढे सहा वर्षं तो रोज दहाला फोन करायचा. तो गेल्यावर कोरीनने मला या फळीवर आणलं. आता मला फोन येत नाहीत. बहिरी माणसं समोरचा दिसतो अशा फोनवर हातांनी बोलतात, ते बरंच झालं. दुकानात लबाडांचे फोन अजूनही येतात. कोरीन शेवटपर्यंत ऐकते, चार खोचक प्रश्न विचारते आणि मगच ठेवते. मित्रांनो, तुम्हालाही असे फोन येतील, वैतागही येईल. पण दार कायमचं लावण्याआधी त्यातून आणखी कोण येतं तेवढं आठवा.

दहा वाजले की ती हातातलं काम टाकून फोनपाशी येऊन उभी राहते. रांगेतल्या तुम्हाला वाटतं, बाई उगाच खोळंबा करतेय. दोन मिनिटं थांबा तिच्यासाठी.