धडा लिहिणाऱ्यानं गप्प बसायचं

वेदवतीच्या घरात मराठी बंद पडली त्याला तीन वर्षं होत आली होती. भांडणतंटा काही झाला नव्हता; आई गेली आणि बोलायला माणूसच उरलं नाही. तमिळ मुलखातल्या मेलकावेरीच्या त्या घरात आता ती, तिचा संगणक आणि मोडेम. मोडेम तेवढा बोलायचा, तोही किंचाळून.

चाळिशी ओलांडलेली वेदवती आधी शाळेत गणित शिकवायची. अठ्ठ्याण्णव साली ती चेन्नईच्या एका कंपनीसाठी घरबसल्या नेटवरचे धडे बनवायला लागली. कुठल्या गावचं पोर पडद्यासमोर बसून तो धडा गिरवणार, कुठल्या ओळीला कंटाळणार, हे तिला कधी कळायचं नाही. धडा पाठवला की गेला. अडलं तर विचारायचं कुणाला? शेजारीण समजायची, बाई दिवसभर टीव्ही बघते. माणसाला माणूस लागतं, आणि आपलंच काम करणारं माणूस तर फारच लागतं. हे वेदवतीनं कुणाला सांगितलं नाही, पण तिचा जीव तेवढ्यासाठी तळमळत होता.

शेवटी तिनं एक कागद लिहिला आणि गावातल्या नटराजच्या टायपिंग इन्स्टिट्यूटच्या दारावर चिकटवला. नेटवरचे धडे बनवणाऱ्यांनी दर शनिवारी चार वाजता इथे जमावं, एकमेकांचं काम बघावं. लिहिला अर्थातच तमिळमध्ये. तिकडच्या मराठी घरांचा रिवाजच आहे, उंबऱ्याच्या आत मराठी आणि पायात चपला सरकवल्या की तमिळ. तिकडे जाऊन राहिल्यापासूनच्या तीनशे वर्षांत हे इतकं अंगवळणी पडलंय की शेजारच्या गल्लीत आपल्यातलं कुणी राहतं का, हेही पुष्कळदा लग्नाच्या पंगतीत कळतं.

पहिल्या शनिवारी सात जण आले. त्यातल्या चौघांना वाटलं होतं, इथे नोकऱ्या वाटतात. ते गेले ते गेलेच. उरले तिघं. विज्ञानाचे धडे बनवणारी अलमेलु, भूगोलाचे बनवणारा जवळच्या चोळपुरमचा एन. जानकीराम, आणि वेदवती. जानकीराम पंचेचाळिशीचा, हळू बोलणारा, आईबरोबर राहणारा. येताना केळीच्या पानात बांधून उकडलेले शेंगदाणे आणायचा आणि स्वतः एकही खायचा नाही.

कामाचा नियम वेदवतीनंच घालून दिला. एकाचा धडा दुसऱ्यानं विद्यार्थी होऊन करायचा, आणि करताना मनात येईल ते सगळं, अगदी सगळं, मोठ्यानं बोलायचं. ज्यानं धडा लिहिला त्यानं मूग गिळून बसायचं. विद्यार्थी चुकला तरी, चिडला तरी. कारण घरी बसलेल्या पोराच्या मागे लिहिणारा थोडाच उभा असतो?

वेदवतीचा धडा अलमेलु करायची, अलमेलुचा जानकीराम आणि जानकीरामचा वेदवती. अलमेलुच्या धड्यांत तेव्हा झाडं आणि प्राणीच असायचे, आकडे नसायचे. त्याच्या भूगोलाच्या धड्यात अंतरं असायची, सरासरी पाऊस असायचा, हिशेब करावे लागायचे. वेदवती सगळं तमिळमध्ये मोठ्यानं बोलायची, पण गुणाकार आला की तिचे नुसते ओठ हलायचे. पाढे तिला वडिलांनी घरी शिकवलेले, मराठीत. ते चारचौघांत कसे म्हणायचे? नियम करणारी बाईच नियमातून पळवाट काढत होती, आणि तिला त्याचं काही वाटतही नव्हतं.

दीड वर्ष असं चाललं. शनिवारच्या चारच्या ठोक्यावर तिचा आठवडा उभा राहिला. जानकीरामशी बोलताना तिला बरं वाटायचं. इतकं बरं वाटणं बरं नाही, असंही वाटायचं. कधीकधी ती घरी येऊन त्याला सांगायच्या गोष्टी मनातल्या मनात मराठीत सांगून टाकायची आणि स्वतःवरच हसायची. बिचाऱ्याला एक अक्षर कळलं नसतं.

मग चेन्नईच्या कंपनीनं जानकीरामला तिकडेच बोलावून घेतलं. आईला घेऊन सोमवारी निघणार होता. शेवटच्या शनिवारी अलमेलुला ताप होता, म्हणून वेदवतीच्या धड्यासमोर पहिल्यांदाच तो बसला. नेहमीसारखा तमिळमध्ये बोलत होता. प्रश्न वाचला. दुकानात सात फळ्या, प्रत्येकीवर आठ समया, त्यातल्या नऊ विकल्या, उरल्या किती. मग तो डोळे मिटून जरा डोलला आणि लहानपणीच्या सुरात म्हणाला,

"सात सक बेचाळीस, साती साती एकोणपन्नास, साती आठी छप्पन."

वेदवतीच्या वडिलांचा सूर तो. तेच हेल, तमिळ वळणाचे. ती विचारायला पुढे झुकली. पण धडा चालू होता आणि धडा लिहिणाऱ्यानं गप्प बसायचं होतं. अजून अकरा प्रश्न बाकी होते. अकराच्या अकरा प्रश्न ती पदराचं टोक मुठीत धरून बसली. जानकीरामनं शेवटचं उत्तर दिलं आणि मागे वळला, तेव्हा ती म्हणाली,

"तुम्ही मराठी?"

मग त्याच्या तोंडून, साडेचार वर्षांत तिनं कुणाच्याही तोंडून न ऐकलेली, घरातली भाषा आली.

"होय. एन म्हणजे नरसिंहराव, माझे वडील. मजला वाटलें तुम्ही तमिळच म्हणून."

"मीही तसेंच समजलें."

"अम्मा चोळपुरांत एकटीच बोलत बसते. तिला कोणी पाहिजे होतें. पण तुम्ही माझे कितीक धडे केलांत. पाढे कधी म्हटलें नाहींत?"

"मनांत म्हटलें," वेदवती म्हणाली. दीड वर्षाची चूक तेवढ्या दोन शब्दांत मावली.

सहाच्या बसपर्यंत ते बोलत बसले. कामाचं एक अक्षर बोलले नाहीत. आईचं सांबारं, वडिलांचा मार, कोणाच्या घरी काय म्हणतात, असलंच काहीबाही. बस आली तेव्हा अर्धं वाक्य राहिलं होतं ते राहिलंच.

पुढच्या शनिवारी वेदवती अलमेलुच्या धड्यासमोर बसली. अलमेलु आता प्रकाशाच्या धड्यावर आली होती; वेगाचा प्रश्न आला, गुणाकार आला. तिनं डोळे मिटले आणि मोठ्यानं, खणखणीत, दारापलीकडच्या रस्त्यावर जाईल अशा आवाजात पाढा म्हटला. टायपिंगच्या पोरी हात थांबवून बघू लागल्या. अलमेलुच्या ओठांवर प्रश्न आला होता, पण धडा तिचा होता, तिला बोलता येईना.

हव्या त्या ओळीपर्यंत आल्यावर वेदवती क्षणभर थांबली. पुढची ओळ रस्त्यावरून कुणीतरी मराठीत म्हणेल म्हणून. मग तिनं उत्तर टाइप केलं.