उणे बावीस

त्या हिवाळ्यात मी घराच्या पुढच्या दाराला दोनदा रंधा मारला. दुसऱ्या खेपेस दार धरायला शेजारचा वीब्रन आला होता, रंधाही त्याचाच. छिलपे त्याच्या दाढीत अडकत होते.

"लाकूड म्हातारं झालं, औकेकाका," तो म्हणाला. "तुमच्यावानीच. आता जागोजाग अडणारच."

मी हसलो. दार बसल्यावर कॉफी घेताना त्याने खरी गोष्ट काढली. त्याची मुलगी हिंके बारा वर्षांची. पुढे कोणती शाळा मिळणार, हे मार्चमधल्या परीक्षेवर ठरायचे होते. तिला माझ्याप्रमाणे तांत्रिक विद्यालयात शिकून गावात साचणारे पाणी उपसणाऱ्या पंपघराची यंत्रे सांभाळायची होती. पण उण्या संख्या आल्या की तिची गाडी रुतायची. हीच गत राहिली तर ती शाळा विसरा, असे बाईंनी बजावले होते. मी चाळीस वर्षे गावाचे पाणी मोजले होते, तेव्हा हे काम माझेच, असे वीब्रनचे म्हणणे पडले.

हिंकेच्या वहीतली पन्नास गणिते मी ओळीने तपासली. चूक एकच होती आणि ती आमच्या गावचीच होती. आमची घरे, गाई, चर, सगळे समुद्रसपाटीच्या, म्हणजे शून्यखुणेच्या, खाली. चरातल्या मापपट्टीवर पाणी जितके खाली जाईल तितका सेंटिमीटरचा आकडा मोठा. सगळेच उणे, म्हणून 'उणे' कोणी उच्चारत नाही. "आज पाणी एकशे बासष्टला" एवढेच म्हणतात. हिंकेही तिनातून आठ वजा करून नुसते पाच लिहीत होती. पोरीला वजाबाकी येत होती. घरात जे बोलत नाहीत, ते ती लिहीत नव्हती, इतकेच.

मी तिला रोजचे काम लावून दिले. सकाळी शाळेला जाताना पुलाखालच्या चरातली पट्टी वाचायची, मग माझे घर आणि वीब्रनचे कुरण यांमधल्या चरात मी रोवलेली दुसरी पट्टी वाचायची. दोन्ही आकडे उणे चिन्हासह लिहायचे आणि दुसऱ्यातून पहिला वजा करायचा. दोन्ही चर सिमेंटच्या एकाच पाइपने जोडलेले, त्यामुळे उत्तर शून्यच यायला हवे. शून्य आले की आपले वाचन बरोबर, दुसऱ्या कोणाला विचारायला नको. जानेवारी संपेपर्यंत शून्ये आली. बाईंनी वहीवर शाबासकी लिहिली. हिंके माझ्या स्वयंपाकघरात साखरपाव खाता खाता स्वतःच गणिते घालू लागली.

फेब्रुवारीच्या अखेरीस तिचा हात पुन्हा अडखळू लागला. चिन्ह लिहायची, खोडायची, पुन्हा लिहायची. मी वही खिडकीशी नेऊन पान तिरपे धरले. दुसऱ्या रकान्यात एकशे बासष्ट होते, आणि खाली रबराने खोडलेल्या पेन्सिलीची खूण होती: एकशे चौऱ्याऐंशी.

"हे का खोडलंस?"

"चुकलं व्हतं," ती खाली बघत म्हणाली. "बाबा म्हणले, तुझं उणं परत उलटं झालं. पुलावरचा आकडाच दोन्हीकडं लिहित जा."

"किती दिवस झाले?"

"बारा."

दुसऱ्या दिवशी ती शाळेत असताना मी चराच्या कडेने चालत गेलो. पाइपच्या तोंडाला फळी ठोकलेली होती. थोडे पुढे वासरांचे टब पालथे घातलेले. त्यांतल्या एकाखाली पंप गुणगुणत होता. पाणी इतके उतरले होते की काठाची काळी माती भेगाळली होती. माझे घर जमिनीत ठोकलेल्या ज्या लाकडी खुंटांवर उभे आहे, त्यांची डोकी पाण्यात असेपर्यंत शाबूत राहतात, हवा लागली की कुजतात आणि घर खचते. दार का अडते, ते मला तिथे उभ्याउभ्या कळले. ज्याने ते अडवले, त्यानेच ते धरले होते.

वीब्रन गोठ्यातून आला. त्याने नाकारले नाही. ओल्या कुरणात ट्रॅक्टर रुततो, खत टाकायचे दिवस निघून चालले, गेली कित्येक वर्षे या दिवसांत उपसतच आलो, असे त्याने हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसे सांगितले. दाराला काय, पुन्हा रंधा मारू, म्हणाला. मग आवाज उतरवून म्हणाला, "परीक्षा गुरुवारी हाय. ती झाली की फळी काढतो, शब्द देतो. आत्ता खरं कळलं तर पेपरात तिचं डोकं लागायचं न्हाई. तवर पोरीला सांगा, तिचंच चुकलं. तुमचं ती ऐकती."

घराचे मी कदाचित गिळलेही असते. हे गिळवेना.

तेवढ्यात शाळा सुटून हिंके वही घेऊन आली. बापाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले.

"काका, खरंच चुकलं व्हतं का माझं?"

"पट्टी वाच," मी म्हणालो.

ती काठावर उकिडवी बसली. "एकशे चौऱ्याऐंशी." थांबली. "उणे."

"पुलावर?"

"आत्ताच बघून आले. उणे एकशे बासष्ट."

"फरक?"

तिने वही उघडली नाही. "उणे बावीस." उठून ती बापाकडे वळली. "म्हणजे माझं बरोबर व्हतं."

"हिंके, शेतीतलं तुला कळायचं न्हाई—"

"मला कळत न्हाई, हे तुमीच सांगितलंत, बाबा. बारा दिवस."

वीब्रनने गुडघाभर पाण्यात उतरून फळी उपटली. पाइपातून पाणी आले, हळूहळू, आवाज न करता.

गुरुवारच्या परीक्षेत हिंकेने उण्या संख्यांचे एकही गणित चुकवले नाही. तांत्रिक शाळेचे पत्र आले. वीब्रनने ते गावभर दाखवले, माझ्या घरी आणले नाही. कुजलेला खुंट मात्र पाणी परत आले म्हणून सुधारत नाही. दार अजून घासते. रंधा मी स्वतःचा विकत आणला.

हिंके अजून रोज सकाळी दोन्ही पट्ट्या वाचते. परीक्षा झाली, आता गरज नाही, असे मी तिला एकदा सांगून पाहिले. तिने आकडे लिहिले, वजाबाकी केली आणि वही दप्तरात टाकली.

"शून्य आलं, की मग शाळेत जाते," ती म्हणाली.