तीन पांढरे पट्टे

शिवणकामाच्या कारखान्यात कापडाला जुळता दोरा निवडायचं काम तिने अठ्ठावीस वर्षं केलं. निवृत्त झाल्यावरही सगळे तिला दोरामावशीच म्हणत. त्यामुळे तिची खोली रंगवायची ठरली, तेव्हा "रंग मीच निवडणार," असं तिने आधीच बजावून ठेवलं.

पेंटरने खिडकीशेजारी तीन पट्टे ओढले: मोतिया, हस्तिदंती आणि सायीसारखा. "बोला मावशी, कुठला?"

मावशीने जवळ जाऊन पाहिलं, मागे सरून पाहिलं, चष्मा पुसला. "अरे, तिन्ही एकाच डब्यातले ओढलेस की काय?"

मुलगा आणि सून जवळ येऊन पट्टे पाहू लागले. मग मुलगा म्हणाला, "आई, पांढरा तो पांढरा. पेंटरलाच ठरवू दे ना."

तिला ते फार लागलं. जेवण झाल्यावर तिने सुनेला गाठलं. "खरं सांग, तुला वेगळे दिसतात?"

"दिसतात, आई. मधला तर चांगलाच पिवळट आहे."

मोतीबिंदूचं ऑपरेशन ती दोन वर्षं टाळत होती. डोळ्याला कुणी हात लावणार म्हटलं की ती विषयच बदलायची. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच डॉक्टरांना फोन लावला आणि पेंटरला सांगितलं, "मी बोलावेपर्यंत ब्रश उचलायचा नाही."

पहिला डोळा झाला. पट्टी निघाल्यावर ती घरी येऊन थेट भिंतीपुढे उभी राहिली. नव्या डोळ्याला तिन्ही पट्टे वेगळे दिसले. तो झाकून जुन्याने पाहिलं, तर सगळ्यांवर चहाचं पाणी फिरवल्यासारखं.

"बाई गं! शेवटी शेवटी याच डोळ्यांनी दोरे दिले मी लोकांना!" तिला हसूही आलं आणि रडूही.

"आता तरी सांग," मुलगा म्हणाला.

"एका डोळ्यावर नाही सांगणार."

महिन्याभराने दुसराही झाला. मग तिने सकाळी पाहिलं, भर दुपारी पाहिलं, दिवा लावून पाहिलं. सुनेला सायीसारखा आवडला होता. "दिवसा छान आहे गं, पण दिव्याखाली आजारी दिसतो," मावशी म्हणाली. मोतिया ठरला.

पेंटर नवा डबा घेऊन आला. झाकण निघताच मावशी वाकली. "हा तो नव्हे."

"नंबर तोच आहे, मावशी."

"असेल. पट्ट्याशेजारी थोडा लाव आणि वाळू दे."

वाळल्यावर पेंटरनेच मान डोलावली. "निळसर झाक मारतोय खरा. बदलून आणतो."

"थांब," मावशी चपला शोधू लागली. "मीही येते. माझ्यासमोर रंग कालवू दे त्या दुकानदाराला."