फिकट की गडद

"बारा बाय पंधरा," मोजायच्या यंत्राचा लाल ठिपका भिंतीवर पाडून पोरगा म्हणाला. "या खोलीत कोण कोण बसतं, काकू?"

तुळसाबाईंनी डोळे बारीक केले. रंगवाल्याला काय करायचंय, कोण बसतं ते? वैजयंती सकाळी शाळेत शिकवायला जाताना एवढंच सांगून गेली होती, "आई, रंगाच्या कंपनीचा मानूस येईन. भिती पाहू दे त्याले." पण हा बदामी रंग तर गेल्या वर्षीचाच, पाहुणे वैजूला पाहायला येणार म्हणून लावलेला. पाहुण्यांनी फोनवर नकार कळवला, रंग राहिला. चांगल्या रंगावर कोणी रंग मारतं का?

आणि एकदम त्यांच्या डोक्यात उजेड पडला. सोयरीक जुळवण्याआधी मुलाकडचे भलत्याच निमित्तानं माणूस पाठवून घर पाहून घेतात. स्वतः तुळसाबाईंनी भावाच्या सोयरिकीच्या वेळी म्हैस घ्यायच्या बहाण्यानं माणूस धाडला होता. आता म्हशी कोण पाहतं, बाप्पा! म्हणून रंग. आणि वैजूला हे सगळं ठाऊक होतं. लबाड पोट्टी, आईपासून लपवून राह्यली! त्यांना राग आला, आनंद त्याहून जास्त झाला, आणि त्या पोहे करायला उठल्या.

पोरग्याचं नाव उत्कर्ष. नावापुढे आडनाव काही तो सांगेना, तेव्हा संशय आणखी पक्का झाला.

"आमी दोघीच राह्यतो," पोह्यांवर शेव टाकत त्या म्हणाल्या. "वैजू मास्तरीन हाये. कोनाले उलटून बोलत नाई."

"छान. मॅडमचं कसं आहे? फिकट की गडद?"

"उजळ हाये!" तुळसाबाई घाईनं म्हणाल्या. "उन्हातून आली का वाटते थोडी सावळी."

उत्कर्षनं मान डोलावली आणि रंगांचं कार्ड उघडलं. "काकू, आता एकच घेऊन आयुष्यभर कोणी बसत नाही. कपड्यांसारखंच झालंय. दर दिवाळीला नवं. मन भरलं की बदलायचं."

तुळसाबाईंचा हात ताटलीवरच थांबला. काय घराणं म्हणायचं हे!

"तुमच्यात असं चालते?"

"सगळीकडेच चालतं, काकू."

"आमच्यात नाई चालत! बत्तीस वर्साची लेक हाये माही. दोन दिवसानं मन भरलं म्हनून आनून सोडसान तं पाय तोडीन एकेकाचे!"

"एकेचाळीस," दारातून वैजयंती म्हणाली.

पोरगा आधी मायकडे, मग लेकीकडे पाहू लागला. "मॅडम, मी फक्त रंगाचा आहे हो."

वैजयंती पिशवी खाली ठेवून आईजवळ बसली.

"कोनी येनार नाई, आई. कंपनीची फॅशन गेली चुलीत. शाळेतून आलं का मले या भितीवर त्या लोकाईचा नकार दिसते. मले हा बदामी नको."

तुळसाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर्षभर हा रंग किती छान उठून दिसतो म्हणून त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होत्या, तेही तिच्यासमोर.

उत्कर्ष फोनमध्ये काहीतरी भरत होता. "रंग बदलायचं कारण लिहावं लागतं," तो चाचरत म्हणाला. "लग्न, बारसं, वास्तू... काय लिहू?"

वैजयंतीनं मान खाली घातली.

"पोरीले नवा रंग पायजे, लिही," तुळसाबाई म्हणाल्या.

"तसा रकाना नाही, काकू."

"मंग कर म्हना कंपनीले," त्या म्हणाल्या, पदर खोचून उठल्या, आणि बदामी भिंतीच्या फळीवरची पितळी भांडी एकेक करून खाली काढू लागल्या.